आईच्या वाट्याचा तुकडा

महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी आमच्या घराला ब्रेडचा वास असायचा. पप्पा चिंचोळी एमआयडीसीतून कामावरून येताना बेकरीतून न कापलेले मोठे ब्रेड आणायचे. आई स्वयंपाकघरात फरशीवर पांढरं फडकं अंथरून बसायची आणि आधी त्यांच्या सगळ्या कडा काढायची, मग उरलेल्या पांढऱ्या ठोकळ्याचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायची. दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या ताटात हेच तुकडे जायचे आणि सगळी मंडळी ते प्रभूचं शरीर म्हणून खायची. तुकड्यांचं हे काम तिला कुणी नेमून दिलं नव्हतं. लग्न होऊन सोलापुरात आल्यावर एकदा कुणी तरी आजारी होतं म्हणून तिने केलं, आणि मग ते तिचंच झालं. एकाही तुकड्याला तपकिरी कड राहिलेली तिला खपायची नाही. उजेडाकडे धरून, फिरवून बघायची आणि अंगठ्याच्या नखाने राहिलेला पापुद्रा खरवडून काढायची. काढलेल्या कडा आमच्या. कांदा, कढीपत्ता, शेंगदाणे घालून ती त्यांचा चिवडा परतायची आणि संध्याकाळी आम्ही तिघं ताटलीभोवती बसायचो. प्रभुभोजनातला चवीचा भाग घरीच राहतो, असं मला लहानपणी वाटायचं. मी हे एकदा बोलून दाखवलं तेव्हा पप्पा खूप हसले होते आणि आईने त्यांना डोळ्यांनी गप्प केलं होतं.

आमच्या मागच्या गल्लीत टॉवेलचे माग होते. त्यांची खडखड इतकी कायमची होती की ती थांबली तरच ऐकू यायची. थांबली म्हणजे वीज गेली. नळाला पाणी यायच्या दिवशी मात्र माग चालू असोत की बंद, गल्ली तेलुगू आणि मराठीत एकदमच बोलू लागायची, आणि आई पाइप घेऊन मागच्या दारी धावायची. मी इंग्रजी शाळेत जात होते. शाळेत मुली मला शांत म्हणायच्या, चर्चमध्ये बायका मला शिष्ट म्हणायच्या. खरं तर मला बोलायला लागलं की घाम फुटायचा, एवढंच. कुणी आलं की मी आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहायची. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक सगळं बोलतात. त्या वर्षी आमच्या घरात जे बोललं गेलं, ते मी सगळं त्या दारातून ऐकलं.

अशाच एका पाण्याच्या दिवशी आई मागच्या दारी पडली. पाइप तिच्या हातातून सुटून अंगणभर वळवळत होता आणि शेजारच्या बाई ओरडत होत्या. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय तिचे राहिले नव्हते, आणि सगळ्या भाषेतून तिच्याकडे फक्त ‘बाई गं’ एवढंच उरलं होतं. भूक लागली, बाई गं. चादर टोचली, बाई गं. मी शाळेतून आले, बाई गं. कधी ती पप्पांकडे बघायची, कधी त्यांच्यातून आरपार बघायची. पातळ काही देऊ नका, ठसका लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पप्पा कडक भाकरीचा चुरा दुधात भिजवून, घोटून, तिची हनुवटी खाली धरून घास घास भरवायचे. एक वाटी संपायला अर्धी सकाळ जायची.

आमच्या मंडळीत जो आजारी असेल, त्याच्याकडे पाळक रविवारची उपासना आटोपली की प्रभुभोजन घेऊन येतात. आई घरी आल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या रविवारी पप्पांनी पलंगाशेजारी स्टूल ठेवलं, त्यावर इस्त्रीचा रुमाल अंथरला. आईचे केस मी विंचरले. सांगोल्याहून मार्था आत्या डाळिंबं घेऊन आली होती. ती पप्पांची थोरली बहीण, आईचं करायला आता आमच्याकडेच राहणार होती. नवे पाळकसाहेब आले. तेव्हा त्यांना येऊन थोडेच महिने झाले होते. हडकुळे, तरुण, बोलताना चष्मा वर ढकलणारे. त्यांनी स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली, चहा घेतला. स्टूल रिकामंच राहिलं.

“पाळकसाहेब, प्रभुभोजन?” पप्पांनी विचारलं.

पाळकसाहेबांनी कप खाली ठेवला. “अविनाशभाऊ, त्याबद्दलच बोलायचं होतं.”

“आता त्यात काय बोलायचं ऱ्हायलं?” आत्या म्हणाली. “वाळीत टाकलीया का तिला?”

“तसं नाही, आत्याबाई. हे तोंडाने खायचं नसतं. तोंडात जाते ती भाकर. ख्रिस्त मिळतो तो विश्वासाला. आधी स्वतःची परीक्षा करा, मग खा, असं पौल सांगतो. आणि प्रभूचं शरीर न ओळखता खाल्लं, तर खाणारा स्वतःवर दोष ओढवून घेतो. करुणाताईंना आता... त्या काय ओळखतात, आपल्याला कुठे माहीत आहे?”

“मग यहुदाचं सांगा की. शेवटच्या पंगतीला त्यो बी व्हता. प्रभूनं त्याचा हात धरला का?”

पाळकसाहेबांचा चेहरा जरा उजळला. हा प्रश्न त्यांच्या ओळखीचा होता. “यावर शेकडो वर्षं वाद चालू आहे. काही म्हणतात, यहुदालाही ख्रिस्तच मिळाला, पण तो न्यायासाठी. काही म्हणतात, त्याला नुसती भाकर मिळाली. आम्हाला सेमिनरीत शिकवलं ते असं की...”

“नुसती का हुईना, मिळाली की त्याला!” आत्या म्हणाली. “ज्यानं प्रभूला धरून दिलं, त्याला मिळाली. आन् जिनं जलमभर तुमची भाकर कापली, तिला तेवडी बी न्हाय?”

 आत्याने पाळकसाहेबांना सोडलं नाही. तान्ह्या पोराच्या डोक्यावर पाणी घालता तेव्हा त्याला काय उमजतं, तेव्हा कुठं परीक्षा घेता, असंही विचारलं. बाप्तिस्मा वेगळा, ते म्हणाले, पण कसा वेगळा ते त्यांना नीट सांगता आलं नाही. मग पप्पा बोलले. ते हळू बोलायचे, इतके की समोरच्याला पुढे झुकावं लागायचं.

“मला त्यातलं काही कळत नाही, पाळकसाहेब. एवढंच सांगा. ती आत आहे की नाही?”

“मला माहीत नाही,” पाळकसाहेब म्हणाले. “आणि माहीत नसताना मी दिलं आणि दोष तिच्यावर आला, तर तो भार मला पेलणार नाही.”

आता त्यांच्याबद्दल लिहिताना मला जाणवतं की ते खरं तेच बोलले. ते घाबरले होते, आणि आईसाठीच घाबरले होते. पण पप्पांनी त्यातून एकच अर्थ घेतला. मंडळी तिला देत नाही, म्हणजे मंडळीने ठरवलं आहे की पलंगावर आता कुणी नाही. आणि पप्पांनी स्वतः ते अजून ठरवलेलं नव्हतं. त्यांचं सगळं जगणं तेव्हा त्या न ठरवण्यावर चाललं होतं. त्यांनी स्टुलावरच्या रुमालाची घडी केली आणि म्हणाले, “मग तिला मिळेपर्यंत मीही घेणार नाही.”

आमच्यात प्रभुभोजन न घेणं म्हणजे चारचौघांत कबुलीच. ताट समोरून गेलं आणि माणसाने हात पुढे केला नाही की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते. बायको अशी पडलीय, बाहेर कुणीतरी असेल, असं एक बाई म्हणाली, माझ्याच पुढच्या बाकावर. पप्पा ताट हातात घेऊन शांतपणे पुढच्या माणसाला द्यायचे. ब्रेड मात्र ते आणत राहिले, आणि तुकडे आता मी करायला लागले. माझ्या हाताला आईचं वळण नव्हतं. सुरी तिरकी जायची. कुठे ना कुठे कड राहून जायची. चिवडा मी केला नाही. कडा मी शेजारच्यांच्या शेळीला घातल्या.

त्याच दिवसांत माझा दृढीकरणाचा वर्ग होता. तो झाला की मलाही प्रभुभोजन घेता येणार होतं. पाळकसाहेब आम्हा मुलामुलींना पुढच्या बाकावर बसवून प्रश्नोत्तरं पाठ करून घ्यायचे. एकदा त्यांनी माझ्याकडे न बघता मला विचारलं, “प्रभुभोजनात ख्रिस्ताला खरोखर कोण स्वीकारतो?” मी म्हणाले, “जो विश्वासाने घेतो तो.” ते म्हणाले, “बरोबर.” मला घाम फुटला होता. घरी जाईपर्यंत तो वाळला नाही.

आणि घरी पप्पांची वेगळी परीक्षा चाललेली असायची. आईला ओळखता येतं हे पाळकसाहेबांना दाखवायचं, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं. कामावरून आले, हातपाय धुतले, की ते पलंगाशेजारी बसायचे आणि बिस्किटाचा तुकडा तिच्यासमोर धरायचे.

“करुणा, हे काय आहे? प्रभूचं शरीर. हो ना? मान हलव.”

आई पंख्याकडे बघायची.

“इकडे बघ. कुणासाठी दिलं? आपल्यासाठी. हो म्हण. नुसती मान हलव गं.”

“बाई गं,” आई म्हणायची.

“नाही, बाई गं नाही. हो.”

मी अभ्यासाची पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात जायची, तरी ऐकू यायचं. मागांच्या खडखडीतून त्यांचा तो हळू आवाज यायचा, तेच तेच विचारणारा. शाळेत तोंडी परीक्षेला उभं राहिल्यावर माझी जीभ टाळूला चिकटायची, आणि इथे माझी आई, जिच्याकडे जीभच नव्हती, रोज नापास होत होती. एका संध्याकाळी तिने डाव्या हाताने पप्पांचा हात झटकला, आणि बिस्किट भिंतीवर आदळलं. पप्पा रडतील असं मला वाटलं. ते उठून उभे राहिले आणि आनंदाने म्हणाले, “शरॉन, पाहिलंस? तिला राग आला. राग यायला माणूस आत लागतं.”

त्यानंतरच्या प्रभुभोजनाच्या रविवारी ते तिला चर्चमध्ये घेऊन गेले. पाळकसाहेबांना विचारलं नाही. रिक्षातून उतरवताना तिची चप्पल पडली आणि आत्याने ती उचलून स्वतःच्या पर्समध्ये टाकली. आईला चाकाच्या खुर्चीत मधल्या वाटेवर, आमच्या बाकाच्या टोकाशी बसवलं. लांब दांड्यांचे पंखे गरम हवा खाली ढकलत होते. लोक वळून बघत होते, हसत होते, हात जोडत होते. आई सगळ्यांच्यामधून समोरच्या भिंतीकडे बघत होती. पाळकसाहेबांनी तिला पाहिलं आणि वाचता वाचता त्यांची ओळ चुकली.

आमच्याकडे ताट फिरतं तेव्हा कुणी लगेच खात नाही. प्रत्येकाने आपला तुकडा तळहातावर धरून थांबायचं. सगळ्यांना मिळाला की पाळक ‘घ्या, खा’ म्हणतात आणि सगळी मंडळी एकदम खाते. त्या दिवशी ताट आमच्या बाजूला शमुवेलकाकांकडे होतं. ते मंडळीतले ‘वडील’, म्हणजे कारभार बघणारे ज्येष्ठ, आईला सुनेसारखं मानणारे. ते खुर्चीपाशी थांबले आणि मागे वळून पाळकसाहेबांकडे बघत राहिले. पाळकसाहेबांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यांनी डोळे मिटले. पप्पांनी ताटातून एक तुकडा घेऊन आईच्या डाव्या तळहातावर ठेवला.

आईने तो खाल्ला नाही. तिने हात तसाच धरला, मांडीवर, तळवा वर करून, सगळ्यांसारखा. “बघा,” पप्पा म्हणाले, आणि ते कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाले, “बघा, ती थांबलीय! तिला माहीत आहे!” ताट पुढे गेलं. मी आईच्या हाताकडे बघत होते. तिने तुकडा बोटांत घेतला, खिडकीच्या उजेडाकडे धरला, फिरवला. त्याला एका बाजूला कड राहिली होती. अंगठ्याच्या नखाने तिने ती खरवडली, हळूहळू, एका हाताने, खुर्चीच्या दांडीला टेकवून, पूर्ण निघेपर्यंत. मग मान वळवली. घरात माझं एखादं काम बिघडलं की ती ज्या नजरेने बघायची, तशा नजरेने तिने पाहिलं. माझ्याकडे, की माझ्यामागच्या खांबाकडे, हे मला आजही सांगता येत नाही. मी स्वतःला दोन्ही सांगून पाहिलं आहे.

मग तिने तो तोंडात घातला. पाळकांच्या शब्दाआधी. पप्पा तिची हनुवटी धरायला झुकले, पण उशीर झाला होता. आधी ठसका, मग तिचा चेहरा निळसर, मग आत्याचे पाठीवर धपाधप हात, आणि ओला, चावलेला गोळा तिच्या ओठांवरून पदरावर आणि पदरावरून फरशीवर पडला.

पेटी वाजायची थांबली. पाळकसाहेब मेज सोडून धावत आले, खिशातून रुमाल काढून खाली वाकले, आणि त्यांचा हात फरशीच्या वर थांबला. विश्वासाविना ती नुसती भाकर, असं त्यांनीच शिकवलं होतं. नुसती भाकर असती तर रुमालाने पुसून घेता आली असती. त्यांना ती पुसताही येईना आणि उचलताही येईना. पप्पांनी तो गोळा बोटांनी उचलला आणि स्वतःच्या तोंडात घातला.

सगळी मंडळी तळहातावर तुकडे धरून बसली होती. शब्द कुणी दिला नव्हता. पाळकसाहेब मेजाकडे परत गेले, उभे राहिले, तोंड उघडलं, पण काही आलं नाही. शेवटी मार्था आत्याच म्हणाली, “खावा की आता! किती येळ हातात धरून बसणार?” आणि सगळ्यांनी खाल्लं. माझा हात रिकामाच होता, दृढीकरण व्हायचं होतं ना.

दोन-तीन दिवसांनी आईला ताप भरला. छातीत गेलंय, असं डॉक्टर म्हणाले. काय गेलंय ते बोलले नाहीत. पप्पांनी विचारलंही नाही. आई घरी आली ती नाकात नळी घेऊन. तोंडाने काही द्यायचं नाही, थेंबसुद्धा नाही. कडक भाकरीचा डबा आत्याने माळ्यावर ठेवला. आता नळीतून पांढरं, पातळ जेवण जायचं आणि आईला आपण जेवलो हेही कळत नसावं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या दिवशी उपासना झाल्यावर पाळकसाहेब आले. या वेळी त्यांच्या हातात आजाऱ्यांसाठीची ती छोटी लाकडी पेटी होती. ते बसले नाहीत. पेटी उघडून त्यांनी बशीत एक तुकडा ठेवला, आणि मग त्यांचं लक्ष नळीकडे गेलं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मी दारातून बघत होते. इतकं केविलवाणं उभं राहिलेलं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

“मी चुकलो असेन, अविनाशभाऊ,” ते म्हणाले. “रोज तेच डोक्यात येतं. तुम्ही त्या दिवशी... ते काय म्हणून खाल्लंत?”

“तिचं उष्टं खाल्लं,” पप्पा म्हणाले. “आमच्या घरात ते चालतं. बाकी काय होतं ते तुम्ही ठरवा.”

पाळकसाहेबांनी चष्मा वर ढकलला. पप्पांनी आईच्या पायावरची चादर नीट केली आणि म्हणाले, “हा तिच्या वाट्याचा. तिच्या नावानं तुम्ही घ्या.”

“दुसऱ्याच्या वतीने घेता येत नाही, भाऊ.”

“मग ठेवा.”

त्यांनी बशी स्टुलावर ठेवली, नळीच्या जेवणाच्या फ्लास्कशेजारी, आणि प्रार्थना न करताच गेले. तो तुकडा तिथेच राहिला. टाकायला कुणाचा हात झाला नाही, खायलाही नाही. आत्या केर काढताना बशी उचलायची, खालचं पुसायची, परत तिथेच ठेवायची. उन्हाळा होता. तुकडा वाळला, कोपऱ्यांना पिवळसर झाला, दगडासारखा टणक झाला. आई दिवसेंदिवस बारीक होत होती. ‘बाई गं’ सुद्धा कधीतरीच यायचं.

एका दुपारी माग अचानक थांबले. पंखाही थांबला. मी वारा घालायला पुठ्ठा घेऊन आत आले, तर बशीला लाल मुंग्या लागल्या होत्या. स्टुलाच्या पायावरून चढून, बशीच्या कडेवरून आत, आणि तिथून कणाकणाने भिंतीवर, खिडकीच्या फटीकडे. आत्या ओलं फडकं घेऊन पुढे झाली. “अव्या, मुंग्या लागल्या बघ की!”

पप्पा पलंगाच्या कडेवर बसले होते. त्यांनी आत्याचा हात धरला.

“खाऊ दे,” ते म्हणाले. “त्यांना कुणी काही विचारलं नाही.”

आत्याच्या हातातलं फडकं फरशीवर ठिबकत राहिलं. मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे भिंतीवर होते, आणि ते मुंग्यांच्या रांगेबरोबर हळूहळू खिडकीकडे सरकत होते.